नवमीचं चार्जिंग

प्रिय नातवंडांनो,

त्या व्हिडिओखाली तुम्ही दोघांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकलेत. तुमच्या वडिलांनी तर तुमच्याही आधी टाकला. मी ते पाहिले, चष्मा पुसला आणि परत पाहिले. आजीनं असल्या गोष्टी मनावर घेऊ नयेत, असं तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल. मी शिकवलेलं नाही. मी मनावर घेतलं आहे, म्हणून आज लिहायला बसले.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते आणि तुमच्या स्पेलिंगच्या चुका लाल शाईनं परत पाठवते. हे मात्र मराठीत आहे. यातली माणसं इंग्रजीत बोललेली नाहीत आणि ती जे बोलली त्याचं इंग्रजी केलं तर ते उगाच सभ्य वाटू लागेल. वाचताना अडलात तर वडिलांना मोठ्यानं वाचायला सांगा. त्यांनी मोठ्यानं वाचावं, हेही मला हवं आहे.

व्हिडिओत काय दिसतं ते तुम्हाला पाठ असेलच. हायवेवरचं एक चार्जिंग स्टेशन, यंत्राला झेंडूचे हार, आणि एक म्हातारी गुडघे टेकून चार्जरच्या गनमध्ये कापसाच्या वाती कोंबते आहे. अंबाडा सुटलेला, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. मागे एका लहानशा पांढऱ्या गाडीचं दार उघडं आहे आणि त्यातून दुसऱ्या म्हातारीचे सुजलेले पाय बाहेर लोंबताहेत. वरून ढोलकीचं गाणं. खाली तुमच्या काकानं लिहिलं आहे, ‘आजी विरुद्ध टेक्नॉलॉजी’. गुडघे टेकलेली ती मी. पाय आहेत ते तुमच्या आत्याआजीचे, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचे. आणि त्या गाण्याच्या खाली एक वाक्य दाबलेलं आहे. ते ऐकायला मी तिथे होते.

आता क्रमानं सांगते.

आत्याआजी माझी नणंद. मी तिच्यावर कधी प्रेम केलं नाही आणि तिनंही माझ्यावर केलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही चुकीच्या सुरात वाचाल. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न करून देवरीच्या बाजूला या पोवारांच्या घरात आले, तेव्हा ती पंधरा-पंधरा दिवस माहेरी येऊन राहायची. पाहुणे जेवायला बसले की मला ओसरीवर बोलवायची. कोपऱ्यातल्या खताच्या पोत्याकडे बोट करून म्हणायची, “मडम, त्यावर इंग्रजीत का लिवलं हाय, पाहुण्याहीले वाचून दाखव.” मी युरियाचं पोतं वाचायची आणि पाहुणे भातावर वरण घेत हसायचे. आपसात ती पोवारीत बोलायची. मला टोचायचं असलं की मुद्दाम इकडच्या झाडीबोलीत बोलायची, मला नीट कळावं म्हणून. आपले पूर्वज माळव्यातून घोड्यावर आले असं ती सांगायची आणि माझे बैलगाडीतून आले असतील असं पुढे जोडायची. दोघींचे पूर्वज एकच, हे तिला माहीत होतं.

नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. सासरच्यांनी देवरीच्या कडेला दोन खोल्यांचं घर दिलं आणि तिच्याकडे पाहणं थांबवलं. मग उरलं माहेर. आमच्याकडे बहिणी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडतात. कायदा त्यांना वाटा देतो. त्या तहसीलला जाऊन तो परत देतात, आणि मग भाऊ लुगडं नेसवतो. त्या बदल्यात माहेरचं दार उघडं राहतं, असा समज आहे. तिनं सही केली. जमीन दोन भावांत वाटली गेली आणि हायवेला लागून असलेली धानाची बांधी तुमच्या धाकट्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या वाट्याला आली. तेव्हा तिथे बेडकं होती आणि पाणी. त्या तुकड्याला कुणी विचारत नव्हतं.

पुढे तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला सरकारी दवाखान्यात डायलिसिस. ती त्याला ‘रगत धुणं’ म्हणते. एक पाळी चुकली की पाय सुजतात, दुसरी चुकली की श्वास पुरत नाही, आणि तिसरी चुकवून पाहिलेलं माणूस मला तरी भेटलेलं नाही. सुरुवातीला ती एसटीनं जायची. एकदा परतताना बसस्थानकावर पडली. लोकांना वाटलं दारू प्याली आहे, म्हणून कुणी उचललं नाही. हे तिनं मला हसत सांगितलं होतं. “मले पाहून एक माणूस म्हणते, सकाळीच! म्हातारीले लाज नाई!”

तुमचे आजोबा तेव्हा हयात नव्हते. दिरांच्या दारात डिझेलची मोठी गाडी उभी असायची, पण ती कायम कुठेतरी निघालेली असायची. म्हणून मी गाडी घेतली. विजेवर चालणाऱ्यांतली सगळ्यात लहान, माझ्या पेन्शनला झेपेल अशी. माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच दाबणं जमत नव्हतं आणि हिला क्लचच नाही. दया, माया वगैरे मनात आणू नका. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या घरात एकटीनं बसून मी कंटाळले होते, आणि जिनं मला युरियाचं पोतं वाचायला लावलं तिला माझ्या शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवण्यात मला सुख होतं.

दिरांनी गाडी पाहिली. भोवती एक चक्कर मारून म्हणाले, “वहिनी, ही सेलवर चालते का? चाबी देऊन सोडाची?” त्यांचा मुलगा, व्हिडिओवाले तुमचे काका, खो खो हसला.

आत्याआजी पहिल्यांदा बसली तेव्हा गाडी सुरू झाल्याचं तिला कळलंच नाही. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाली, “काऊन वो, चालू नाई करत का?”

“चालू आहे, बाई.”

“आवाज कोठं हाय?”

“हिला आवाज नसतो.”

“हव का? तुह्यासारखी हाय मंग. आतून सगळं चालू, वरून चूप.”

मी पाळीच्या आदल्या संध्याकाळी कुडव्याहून निघून आमगावमार्गे देवरीला जायची, तिच्या घरी मुक्काम करायची, गाडी तिच्या भिंतीवरच्या प्लगला लावायची आणि सकाळी तिला घेऊन गोंदियाला यायची. संध्याकाळी परत सोडायची. पहिल्याच मुक्कामाला चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला आणि गाडीनं वीज घ्यायचं नाकारलं. वायरमननं पाहून सांगितलं, घराला अर्थिंगच नाही. त्यानं परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, आणि मधे एक पाइप उभा केला. जाताना म्हणाला, रोज यात तांब्याभर पाणी ओता. खड्डा सुकला की गाडी वीज घेणार नाही.

ते काम आत्याआजीनं घेतलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. तिच्या ओठांची सालं निघालेली असायची, जीभ टाळूला चिकटायची, मे महिन्यात ती बर्फाचा एक तुकडा गालात धरून दुपार काढायची. आणि रोज सकाळी तांब्या भरून परसात जायची, वाकून पाइपमध्ये सगळं पाणी ओतायची. मी पाहत असले की म्हणायची, “माह्यापेक्षा याले जास्त भेटते.” मग रिकामा तांब्या तोंडाशी धरून उगाच हलवायची, एखादा थेंब राहिला असला तर.

असं वर्षभर चाललं. मग हायवेवर विजेच्या गाड्या दिसायला लागल्या. नागपूरहून रायपूरला जाणारे लोक मध्येच थांबून कुठे चार्जर आहे का विचारायचे. एक कंपनी हायवेलगतची जागा शोधत आली आणि बेडकांची ती बांधी तिला पसंत पडली. भराव पडला, ट्रान्सफॉर्मर आला, पत्र्याचं निळं छत आलं, दोन गनचं एक उंच यंत्र आलं. ज्यांना आमची गाडी सेलवर चालते असं वाटायचं त्या माझ्या दिरांनी उद्घाटनाला पर्यावरणावर भाषण केलं. डिझेलची गाडी मागेच उभी होती, तिच्या बॉनेटवर पेढ्यांचे डबे होते.

आत्याआजीला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. फीत कापायला कुणा पुढाऱ्याची बायको होती. पण भाषणाच्या शेवटी दिरांनी बहिणीकडे हात केला आणि माइकवर म्हणाले, “ही आमची बाई. तिच्याच बांधीवर हे उभं हाय. बाई, तुही गाडी कधीबी आणजो, कोणी अडवणार नाई.” टाळ्या झाल्या. आत्याआजीनं पदर डोळ्याला लावला. मी तिच्या शेजारी होते. डोळा कोरडा होता, तिला फक्त लोक काय करतात ते पदराआडून पाहायचं होतं.

आता नवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. नांगर, विळे, तराजू, शिवणाची मशीन, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते धुऊन-पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. पूजा झाली की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांचं फाउंटन पेनसुद्धा नवमीला देवाजवळ असायचं. मला ही रीत आवडते. वस्तूंनाही एक दिवस सुट्टी असावी.

यंदा नवमी आणि डायलिसिसची पाळी एकाच दिवशी आली. दवाखाना नवमी पाळत नाही. आदल्या दिवशी गोंदियात सणाच्या कामांना मी गाडी फिरवली होती. देवरीला पोचेपर्यंत चार्ज खाली आला, पण मला काळजी नव्हती, भिंतीवर प्लग होता, परसात ओला खड्डा होता. संध्याकाळी वादळ आलं, तारेवर झाड पडलं आणि गावची लाइट गेली. सकाळपर्यंत आली नाही. गाडीत होतं त्यावर आमगावही गाठता आलं नसतं, आणि आमगावला तेव्हा चार्जर नव्हता. पण हायवेच्या स्टेशनचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, तिथे वीज होती. मी म्हटलं, “बाई, चला, तुमच्या बांधीवर जाऊ.” तिच्या पायांना चपला होत नव्हत्या इतके ते सुजले होते. ती अनवाणी बसली.

स्टेशनवर पूजा नुकतीच आटोपली होती. यंत्राला हार, पायथ्याशी रांगोळी, केळीचे खांब. डिझेलच्या गाडीलाही हार, चारही चाकांखाली लिंबं. दीर पांढऱ्या कपड्यांत, तुमचे काका मोबाइल घेऊन शूटिंग करताहेत. मी गाडी यंत्राजवळ लावली तशी दिरांनी हात आडवा केला.

“वहिनी, आज नाई. पूजा झाली. आज मशीन चालत नाई.”

“बाईंची पाळी आहे.”

“माहीत हाय. पण नवमी हाय ना. उद्या सकाळी या, पहिला नंबर तुमचा.”

“उद्या पाळी नाही, आज आहे.”

“तुम्हीच तं शिकल्या-सवरल्या, वहिनी. रीतीचं तुम्हाले सांगावं लागते का?”

मी गप्प राहिले असते. वर म्हटलं तसं, ती रीत मला आवडते. गाडीतून आत्याआजीही म्हणाली, “राहू दे वो. देवाचं काम हाय.” ती देवभोळी नाही. भावाला नाही म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात रायपूरकडून एक मोठी काळी विजेची गाडी आली. आतून कुणी ठेकेदार उतरले. दीर दुसऱ्या स्टेशनसाठी त्यांच्या मागे होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दिरांनी हात आडवा केला नाही. दोन्ही हात जोडले, पुढे झाले, स्वतःच्या हातानं एका गनवरचा हार काढला आणि म्हणाले, “या, या साहेब! पूजा अभी अभी हुई है. बोहनी आपके हाथ से.” गन लागली. यंत्र घुरघुरू लागलं.

मग मीही उतरले. दुसऱ्या गनवरचा हार काढला आणि गाडीला लावली. लागेना. पुन्हा लावली. यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. गन काढून उजेडात धरली तर तिच्या भोकांत कुंकू, हळद, तांदूळ आणि वरून पंचामृत, सगळं कालवून बसवलेलं. नांगराला जशी पूजा करतात तशी केली होती, भरपूर, हात न आखडता. नांगराच्या फाळाला भोकं नसतात. ठेकेदारांच्या वाट्याची गन भिंतीकडच्या बाजूला होती, तिच्यावर नुसता हार पोचला होता.

ताटात निरांजनाच्या जादा वाती होत्या. त्या घेऊन मी खाली बसले आणि एकेक भोक पुसायला लागले. वात लाल होऊन बाहेर येई, दुसरी घालायची. दह्यानं तांदूळ चिकटले होते. व्हिडिओ इथे सुरू होतो. तुमचे काका माझ्याभोवती फिरत होते, “काकू, देवाला तेल घालता का मशीनला?” असं विचारत होते. मी पुटपुटत होते ती गनच्या भोकांची नावं होती, कुठली पुसून झाली ते ध्यानात राहावं म्हणून. तुम्हाला ती शिवी वाटली. शिवी पुढे आहे.

गन चालली नाही. मी ठेकेदारांना विचारलं, थोडा वेळ तुमची गन सोडता का, मागे पेशंट आहे. ते सोडायला तयार होते, निदान त्यांचा हात गाडीकडे गेला. दीर मध्ये आले. “पाहुण्याची गाडी मधातच काढता का, वहिनी? आमची इज्जत हाय का नाई?”

तेव्हा आत्याआजी गाडीतून उतरली. दाराला धरून, मग केळीच्या खांबाला धरून, रांगोळी चुकवत ती भावापर्यंत आली.

“बाप्पा, तुह्या गाडीनं नेऊन दे मले. तेवढंच.”

दिरांनी डिझेलच्या गाडीकडे पाहिलं. “बाई, तिची बी पूजा झाली. चाकाखाली लिंबू हाय.”

“लिंबू मी उचलतो.”

“अपशकुन करू नोको.”

ती तशीच उभी राहिली. श्वास घ्यायला तिला थांबावं लागत होतं. दिरांना वाटलं असावं की ती अडून राहिली आहे. ते चिडले, पाहुण्यांसमोर चिडतात तसे, हसत हसत. आणि म्हणाले,

“एक दिवस नाई गेली तं का मरून राहिली? आन तसं बी, बाई, किती दिवस रगत धुवत राहशील? आमाले बी कामं हायत.”

हे ते वाक्य. व्हिडिओत इथे ढोलकीची तिहाई आहे.

मी दिरांना इंग्रजीतला एक शब्द बोलले. तो इथे लिहीत नाही. युरियाच्या पोत्यावर तो नसतो. ठेकेदारांना कळला, कारण त्यांनी मान खाली घातली.

आत्याआजी वळली आणि मला म्हणाली, “चाल वो मडम. एसटी येऊन राहिली.” फाट्यावर खरोखरच गोंदियाची एसटी वळत होती. गाडी तिथेच सोडून, किल्ली तशीच ठेवून, मी तिला काखेत धरून रस्ता ओलांडला. सणाची गर्दी होती. एका बाईनं उठून तिला जागा दिली आणि तिचे अनवाणी पाय पाहून मला म्हणाली, “सासूले चपला तरी घ्याव, बाई.” आत्याआजीला त्या श्वासातही हसू आलं. आमगाव गेल्यावर ती म्हणाली, “त्यानं बरोबर इचारलं. किती दिवस? मले बी इचारावसं वाटते. पण मी कोणाले इचारू?” मी माझी पिशवी तिच्या पायांखाली सरकवली. खोटं बोलून तिला बरं वाटेल इतकं आमचं नातं गोड नव्हतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पाळी निघून गेली होती. नर्स म्हणाली, “अम्मा, इतना लेट? आपका मशीन तो दे दिया.” मग वहीत न बघताच आत वळून पाहिलं आणि म्हणाली, “रुको, वो खिडकी वाला खाली है.” खिडकीजवळच्या यंत्रावर एक किराणा दुकानदार यायचा, आत्याआजीशी सुपारीवरून भांडायचा. तो आदल्या दिवशी, अष्टमीला, वारला होता. त्याच्या जागेवर तिला घेतलं. सुई टोचली गेली, नळीत रक्त फिरायला लागलं, आणि तिनं मला जवळ बोलावून विचारलं, “तो कायले नाई आला आज?” मी सांगितलं. ती म्हणाली, “माहा नंबर लागावा म्हणून गेला का? जलमात पहिल्यांदा कामी आला.” मग तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आणायला गेले. ती ट्रॅक्टरनं ओढून रस्त्याच्या कडेला चिखलात लावलेली होती आणि आरशाला झेंडूचा शिळा हार अडकवलेला होता. तेही व्हिडिओत आहे, शेवटी. तुम्हाला तेच जास्त आवडलं, असं तुम्ही लिहिलंत. आत्याआजीला मी व्हिडिओ दाखवला. तिनं डोळे बारीक करून पूर्ण पाहिला आणि विचारलं, “मी कोठं हाय? नुसते पाय?”

“नुसते पाय.”

“तोंड तरी दाखवाचं. साडी चांगली होती.”

आता दिवाळी. गावानं व्हिडिओ पाहिला होता, आणि गावाला गाण्याखालचंही माहीत होतं, कारण तिथे पूजेला आलेली माणसं बहिरी नव्हती. लोक दिरांना विचारायला लागले. म्हणून भाऊबीजेला दीर सगळ्यांना दिसतील असे भर सकाळी बहिणीच्या घरी आले, भारी साडी घेऊन. दुसऱ्या दिवशी पाळी होती, त्यामुळे मी मुक्कामाला लवकर आले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आत्याआजीनं पाट मांडला. भोवती रांगोळी काढली, सावकाश, वाकवत नव्हतं तरी काढली. भावाला बसवलं. डोक्यावर टोपी घालायला सांगितलं. ताट तयार केलं, निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं जागच्या जागी. ताट त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि पलीकडे खाटेवर जाऊन बसली.

दारात शेजारणी जमल्या होत्या. दीर वाट पाहत होते. निरांजनाची वात जळत होती.

“बाई, ओवाळ ना.”

ती म्हणाली, “आज नाई, गा. ताटाची पूजा झाली हाय. आज त्याले हात लावाचा नाई. उद्या ये. पहिला नंबर तुहा.”

कुणी हसलं नाही. दीर तोंडावर रागही आणू शकले नाहीत, कारण शब्द त्यांचेच होते आणि दारातल्या बायकांना ते पाठ होते. बहिणीनं पाटावर बसवून न ओवाळता उठवलेला भाऊ आमच्याकडे मी दुसरा पाहिलेला नाही. वात संपेपर्यंत ते बसले. मग कोऱ्या कपाळानं उठले, साडी पाटावर ठेवली आणि शेजारणींमधून वाट काढत गेले. त्यांचे डोळे भरले होते. आत्याआजीनं ते पाहिलं आणि सुपारी उचलून तोंडात टाकली. तिला दया आली नाही. मला थोडी आली, ती मी बाजूला ठेवली.

साडी तिनं नेसली नाही. मधोमध फाडली, आणि प्लगपासून खिडकीतून गाडीपर्यंत येणारी वायर त्या कापडात गुंडाळली, उन्हानं तडकू नये म्हणून. जरीचा काठ बाहेर ठेवला. गाडी लावली की तो उन्हात चमकतो आणि हायवेवरून जाणाऱ्याला दिसतो. दीर त्याच रस्त्यानं जातात.

आता आमगावलाही चार्जर झाला आहे. स्टेशनरोडला एका दुकानाशेजारी, चालवणारा माणूस आमच्या कुणाच्या नात्यातला नाही, म्हणून नीट चालतो. तिथे मी नवमीलाही विचारून ठेवलं, तो म्हणाला, “पूजा करेंगे काकी, पर बंद काहेको?” देवरीची लाइट गेली तर आता तिथपर्यंत पोचण्याइतका चार्ज मी नेहमी गाडीत ठेवते. दिरांच्या स्टेशनवर गाड्यांची रांग असते. आम्ही समोरून जातो. आत्याआजी त्या बाजूची काच वर करायला सांगते, ती आधीच वर असली तरी.

ती माझ्याशी चांगली वागत नाही. परवा वळणावर मी ब्रेक लावला तेव्हा म्हणाली, “मडम, इंग्रजी येते, गाडी कधी येईल?” व्हिडिओखालचे तुमचे हसरे चेहरेही मी तिला दाखवले. ती म्हणाली, “हासू दे. लेकरं हायत.” मग म्हणाली, “त्याहीचा बाप बी लेकरू हाय का?” तो प्रश्न मी जसाच्या तसा इथे लिहिला आहे. तुमच्या वडिलांनी आतापर्यंत मोठ्यानं वाचलं असेल तर तोही वाचतील.

परसातला खड्डा ओला आहे. ती रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतते आणि स्वतः घोटभर पिते. भिंतीवरच्या प्लगला गाडी लागते, दिवा हिरवा लागतो. तुमची आत्याआजी जिवंत आहे.